हनन्याची दोन वर्षं

सोमवार, रात्री

शेजारच्या वहिनींनी दुपारी मोबाइल पुढे केला. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांच्या सभेचा व्हिडिओ होता. मागे कीबोर्ड, पडद्यावर बायबलमधलं यिर्मया 29:11, देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत ते वचन. त्यावर भाष्य असं की हे वर्ष संपायच्या आत ज्याला व्हिसा हवा त्याला व्हिसा, ज्याला घर हवं त्याला घर. फक्त विश्वासाने बी पेरा. बी म्हणजे पैसे. खाली क्यूआर कोड होताच.

वहिनींचा मुलगा कॅनडाच्या व्हिसासाठी ताटकळलाय. एकदा अर्ज फेटाळला गेलाय. वहिनींनी बी पेरलेलंही आहे. किती, ते मी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, वचन तर खरं आहे ना?"

वचन खरंच आहे, आणि गोची तिथेच आहे. शास्त्राबाहेरचं काही कोणी सांगितलं तर आपण लगेच कान टवकारतो. शास्त्रातलंच वाक्य, पण आगापीछा कापून हातात दिलं की आपण 'आमेन' म्हणून मोकळे होतो.

मंगळवार

सकाळची कामं उरकून यिर्मयाचे 27 ते 32 हे अध्याय एका बैठकीत वाचले. एरवी आपण यिर्मया असा वाचतच नाही. फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावण्याजोगं एक वचन काढून घेतो आणि बाकीचं रडगाणं म्हणून सोडून देतो.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या यखन्या राजाला, दरबारी मंडळींना आणि कारागिरांना बाबेलला नेलं, मंदिरातली पात्रंही नेली. मागे उरलेल्या यरुशलेमात संदेष्टा यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरतोय: बाबेलपुढे मान वाकवा, हे लवकर संपणारं नाही. तेवढ्यात गिबोनचा हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहतो. स्थळ परमेश्वराचं मंदिर, समोर याजक आणि सगळे लोक. तो सांगतो, दोन वर्षांच्या आत राजा परत, पात्रं परत, बंदिवान परत. 'परमेश्वर म्हणतो' हे शब्द त्याच्याही तोंडी आहेत. भाषेत, आविर्भावात, जागेत कुठेच फरक नाही. समोर बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं?

मला सगळ्यात आवडलं ते यिर्मयाचं उत्तर. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. टोमणा आहे की मनापासूनची इच्छा? मला तर मनापासूनची इच्छाच वाटते. चांगली बातमी कोणाला नको असते? पण मग तो आठवण करून देतो: आपल्याआधीच्या संदेष्ट्यांनी लढाई, संकट, मरी यांविषयी सांगितलं, जो शांतीचं भाकीत करतो तो खरा की खोटा हे त्याचा शब्द पुरा झाल्यावरच कळेल. हनन्या ते जू हिसकावून मोडून टाकतो. लोकांना तो देखावा आवडलाच असणार. आणि यिर्मया? आपल्या वाटेने निघून जातो. त्या क्षणी त्याच्याकडे प्रत्युत्तर नाही. ते नंतर येतं: लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं आलं. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला.

हे सगळं सांगून झाल्यावर 29व्या अध्यायात ते पत्र येतं, यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं. दहाव्या वचनात 70 वर्षं म्हटलंय आणि लगेच अकराव्यात हिताचे संकल्प. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या माणसांना सरळ कळलं असणार की आपण काही परत जात नाही. आशा खरी होती, पण नातवंडांच्या हवाली करायची होती. आठव्या आणि नवव्या वचनांत तर तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका असं साफ लिहिलंय. खोट्या संदेशापासून सावध करणाऱ्या पत्रातलंच एक वाक्य उचलून त्यावर बी पेरायला सांगतात! हसावं की रडावं.

पत्र सगळ्यांना रुचलं असंही नाही. शमाया नावाच्या माणसाने बाबेलहून उलट पत्र धाडलं की त्या यिर्मयाला खोड्यात अडकवा, आमचा बंदिवास लांबणार म्हणून लिहितो म्हणजे काय.

बुधवार

वहिनींना दोन अध्याय वाचून दाखवले. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पण देवमाणसाबद्दल असं बोलू नये ना? अभिषिक्ताला हात लावू नका असं आहे."

आमच्याकडे हे वाक्य ढाल म्हणून फार वापरलं जातं. स्तोत्र 105 काढून दाखवलं. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. परक्या देशांत मूठभर लोकांनिशी भटकणारे. राजांनी त्यांना त्रास देऊ नये असा मामला आहे, उपदेशकाला प्रश्न विचारू नये असा नाही. दाविदाने अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही हे खरंच, पण त्याच्या झग्याचा काठ हातात धरून त्याला चार शब्द ऐकवलेही. आणि बिरुयाच्या लोकांनी तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहिलं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हटलंय, उर्मट नव्हे. शिवाय त्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारलं असंही तिथेच आहे. मला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. नुसतं चिकटपणे चुका काढत बसणारी माणसं मी मंडळीत पाहिली आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणाचा विश्वास वाढलाय असं दिसलं नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न किती लवकर पडला होता! 'दिदाखे' नावाची फार जुनी शिकवण-पुस्तिका आहे. फिरस्ता प्रेषित आला तर त्याचं स्वागत करा, असं ती म्हणते. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना शिदोरी द्या, पैसे मागितले तर खोटा. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलतोय म्हणत जेवण मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवायला बसला तरी खोटा. मात्र दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नका. हे शेवटचं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. प्रश्न पैसे मागण्याचा नाही, ते कोणाच्या ताटात जातात याचा आहे.

शुक्रवार

महिला मंडळात हेच बोलले. एकीने पंडिता रमाबाईंचा विषय काढला, बरं झालं. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाई तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुरोहितांचं एक जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसंच दुसरं आता मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. इतकं चिकित्सक डोकं, पण 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करण्यात गेली. म्हणजे ज्या बाईला केडगावात आसरा मिळाला तिलाही वचन स्वतः वाचून पाहता यावं.

यिर्मयाही तसाच. शहराला वेढा पडलाय, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभावाकडून अनाथोथचं शेत 17 शेकेल रुपं तोलून विकत घेतो. साक्षीदार, मोहोर, खरेदीखत, सगळं रीतसर. ते खत आपला लेखनिक बारूख याच्याकडून मातीच्या भांड्यात ठेववतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. पैसा त्याचा गेला. इथे लोकांना पेरायला सांगणारे स्वतः काय पेरतात ते मला एकदा बघायचंय.

रविवार

उपासनेनंतर वहिनी हळूच म्हणाल्या, मुलगा आयटीआयला एसी दुरुस्तीचा कोर्स करायचं म्हणतोय. "व्हिसाची वाट बघत असताना इथे कोर्स लावला तर तो अविश्वास नाही ना होणार?"

मी त्याच 29व्या अध्यायाचं पाचवं वचन उघडलं: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा. सातवं: ज्या नगरात आहात त्याचं हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. त्यांनी ते स्वतःच्या बोटाने पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "मग बी इथेच पेरायचं होतं की." त्यांच्या आवाजात राग होता. तो मी शांत करायला गेले नाही.

फॉर्मची मुदत कधी आहे ते उद्या मुलाला विचारायचंय, दाखल्याच्या झेरॉक्सही काढायच्यात. कॅनडासाठीची प्रार्थना चालू आहे. ती थांबवा असं यिर्मयाने कुठेच म्हटलेलं नाही.