डिसॅबिलिटी पेन्शन: भांडण आजाराशी नाही, शेऱ्याशी

तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीआधी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, माझ्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्या. प्रायमरी हायपरटेन्शन (उच्च रक्तदाब), डिसॅबिलिटी ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि पुढे: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. टक्केवारी कितीही असो, हा दुसरा शेरा पडला की डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठीच्या पेन्शनचा, दावा फेटाळला जातो. आजार आहे की नाही यावर वाद नसतोच. त्यामुळे खाजगी डॉक्टरांचे नवे रिपोर्ट, ईसीजी, गोळ्यांच्या पावत्या यांचा गठ्ठा जोडून काही साधत नाही. भांडायचं ते शेऱ्यामागच्या कारणाशी.

ते कारण फेटाळल्याच्या पत्रात सहसा नसतं, बोर्डाच्या मूळ कागदात असतं. त्याची पूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे (जवानांचे सेवेचे कागद ठेवणारं लष्कराचं कार्यालय) साध्या अर्जाने मागावी: आर्मी नंबर, रँक, नाव, निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. त्याच अर्जात भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म आणि मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) पहिल्यांदा खाली आली तेव्हाचे बोर्डाचे कागदही मागावेत. वेगवेगळे मागत बसलात तर महिने जातात.

माझ्या प्रतीत कारण होतं, 'आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, फील्डच्या ताणाशी संबंध नाही.' पीस म्हणजे शांत ठिकाणची छावणी, फील्ड म्हणजे सीमेवरचा किंवा कारवाईचा भाग. ब्लड प्रेशरच्या केसमध्ये हे वाक्य इतकं सर्रास दिसतं की शिक्काच करून ठेवला असावा. याला उत्तर म्हणजे पोस्टिंगचा तक्ता: युनिट, ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, फील्ड की पीस, आणि शेजारी आजार पहिल्यांदा नोंदला गेल्याची तारीख. हाय अल्टिट्यूड किंवा दहशतवादविरोधी भागातून परतल्यावर थोड्याच काळात बीपी सापडलं असेल तर ती ओळ अधोरेखित करा. मन हेलावणाऱ्या चार पानांपेक्षा हा तक्ता भारी पडतो.

कायद्याचा आधार धरमवीर सिंग निकालाचा, सर्वोच्च न्यायालय, २०१३. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची, आणि शंकेचा फायदा जवानाला. भरतीचा फॉर्म लागतो तो यासाठीच. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी जुन्या अपिलाची नक्कल करू नये. दुखापतीची केसही वेगळी: तिथे इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (युनिटने केलेली चौकशी) कमांडिंग ऑफिसरचं मत काय, हे आधी बघायचं.

पहिलं अपील फेटाळल्याच्या पत्रापासून ६ महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते फेटाळलं तर दुसरं, पुन्हा ६ महिन्यांत. सगळं स्पीड पोस्टने. पावती आणि पोहोच जपायची, कारण पुढे मुदत मोजताना तीच लागते. अर्ज आणि कागद लावायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत होते.

तिथेही नाही जमलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आपण म्हणतो ते एएफटी. रेजिमेंट कुठलीही असो, निवृत्तीनंतर महाराष्ट्रात राहणाऱ्याला मुंबईच्या खंडपीठात जाता येतं. थकबाकीत टक्का मागणाऱ्या वकिलाला नमस्कार करून उठावं. तशी फी वकिलांच्या नियमांतच बसत नाही. आणि उशीर करू नये, कारण तरसेम सिंग (२००८) निकालाच्या आधारे थकबाकी अनेकदा अर्जाच्या मागच्या ३ वर्षांपुरतीच मिळते.

पैशांचा हिशेब असा. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराचे ३० टक्के. शेवटचा पगार ४०,००० धरला तर १२,०००. ३० टक्के डिसॅबिलिटीला ३,६००. पण २० ते ४९ टक्क्यांना ५० धरतात, म्हणजे ६,०००, शिवाय महागाई सवलत. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे राउंडिंग लागू, असं राम अवतार निकालात, डिसेंबर २०१४ मध्ये, ठरलं. तरी मागणीत ते स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा. न मागितलेलं सोडून दिलं जाण्याची भीती असते.

आदेश लागला की प्रमाणित प्रत लगेच रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. आदेशातली मुदत उलटली तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच खंडपीठात करता येतो. सुधारित पीपीओ 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसला की तीन गोष्टी ताडून बघा: टक्केवारी ३० आहे की ५०, लागू तारीख आदेशातलीच आहे का, आणि शेवटचा पगार बरोबर धरलाय का.