आईच्या चष्म्याला जमणारा आयपीस

२०२४च्या दिवाळीत सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमी फोकल लेंथचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांच्या नळ्या. दोन्ही प्लॉसल या नेहमीच्या प्रकारातले. रात्री अकराच्या सुमारास गच्चीवरून गुरू लावला, १० मिमीचा आयपीस बसवला आणि आईला हाक मारली. ती वाकली, डोळा लावला, मागे झाली, पुन्हा वाकली. "सगळा काळोखच आहे रे," म्हणाली. मी बघेपर्यंत गुरू सरकून निघूनही गेला होता.

मला वाटलं, अजून मोठं दिसलं तर तिला पटकन सापडेल. म्हणून ६ मिमीचा प्लॉसल मागवला. दुर्बिणीच्या फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथने भागलं की किती पट मोठं दिसणार ते कळतं. १० मिमीने १२० पट, ६ मिमीने २००. पण या ६ मिमीने तर माझेही हाल झाले. पापण्या काचेला घासायच्या, काच लगेच धुरकट व्हायची आणि डोळ्यातले तरंगते ठिपके गुरूवरून फिरताना दिसायचे.

अडचण नेमकी कशात आहे ते हळूहळू उलगडलं. पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा काचेपासून जेवढ्या अंतरावर ठेवावा लागतो, त्याला आय रिलीफ म्हणतात. प्लॉसलमध्ये ते फोकल लेंथच्या साधारण ७० टक्के असतं. म्हणजे १० मिमीला जेमतेम ७ मिमी आणि ६ मिमीला ४. आईचा चष्मा त्या फटीत मावणार कसा? नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं. आईच्या नंबराचा कागद काढून पाहिला, तर दोन्ही डोळ्यांना सिलिंडर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर. तो दोष फोकसने जात नाही. चष्मा हवाच.

दुसरी गोष्ट वेळेची. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. माझ्या ६ मिमीमध्ये आकाशाचा पाव अंशच दिसतो, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला गुरूला जेमतेम एक मिनिट लागतं. सवय नसलेल्या माणसाचं ते मिनिट डोळा कुठे ठेवायचा हे शोधण्यातच जातं. दुर्बीण आपोआप तारा धरून ठेवणारी नसेल, तर याचा विचार आधी करावा असं मी आता सगळ्यांना सांगतो.

विकत घेण्याआधी डोळा लावून बघायचं ठरवलं. वांगणीला आकाश बघायला जाणाऱ्या मित्रांबरोबर एका शनिवारी कर्जत लोकल पकडली आणि रात्रभर प्रत्येकाचे आयपीस माझ्या दुर्बिणीत बसवून पाहिले. ३२ मिमीच्या प्लॉसलमध्ये कृत्तिका काय सुंदर दिसल्या! पण त्यात डोळा काचेपासून वीसेक मिमी लांब धरावा लागतो, टेकायला काही नसतं, आणि मान जरा हलली की चित्र काळं होतं. म्हणजे अंतर नुसतं जास्त असून चालत नाही, डोळ्याला टेकू देणारी रबरी कडाही हवी. ८ ते २४ मिमीचा झूम आयपीस सोयीचा वाटला, मात्र २४वर चित्र फारच अरुंद झालं. एकाने २५ मिमीच्या प्लॉसलखाली दुप्पट मोठं दाखवणारी बार्लो भिंगाची नळी लावून दिली. ९६ पट मोठं दिसलं आणि डोळाही आरामात लांब राहिला. खर्च कमी ठेवायचा असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. मला काळोखात त्या दोन नळ्यांची काढघाल नको वाटली, इतकंच.

शेवटी १२ मिमीचा, डोळ्याला ६० अंश रुंद चित्र दाखवणारा आयपीस घेतला. आय रिलीफ १६ मिमी, रबरी कडा खालीवर होणारी. १०० पट, म्हणजे जुन्या १० मिमीपेक्षा थोडं कमीच. पण आकाशाचा ०.६ अंश दिसतो, त्यामुळे पौर्णिमेचा अख्खा चंद्र मावतो आणि गुरू दोन मिनिटांहून जास्त टिकतो.

डिसेंबरात गुरू रोहिणीजवळ छान वर आला होता. आधी २५ मिमीने मधोमध आणला, मग १२ मिमी बसवला. रबरी कडा खाली केली आणि आईला म्हटलं, चष्मा डोळ्यावरच राहू दे. ती वाकली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन पट्टे आहेत. आणि बाजूला तीन ठिपके, एका ओळीत. चार म्हणाला होतास ना?" चौथा चंद्र गुरूच्या मागे किंवा पुढे असेल, असं मी सांगितलं. गुरू कडेला जायला लागला तसा तिने स्वतःच नळीला हात घातला. या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, त्यामुळे तिने नळी आधी भलतीकडे ढकलली. "थांब, सांगू नकोस," म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूला हळूच ढकलून तो परत मधे आणला.