नँड चिप बदलायला निघालो होतो

माझ्या लिनक्स बोर्डावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा टाकला, बोर्ड सुरू केला आणि सिरियल कन्सोलवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या पडद्यावर, ‘एरर -७४’च्या ओळी धडाधड पळायला लागल्या. अमुक ब्लॉकमधले (चिपच्या एकदम पुसल्या जाणाऱ्या तुकड्यातले) ६४ बाइट वाचताना ईसीसी, म्हणजे डेटातल्या चुका ओळखून दुरुस्त करणारा कोड, चुकला, असं यूबीआय सांगत होतं. यूबीआय म्हणजे लिनक्समधला नँड फ्लॅश चिपचे ब्लॉक सांभाळणारा भाग. पुढच्या ब्लॉकचं तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच. ज्यावर सगळी यंत्रणा असते ती रूट फाइल सिस्टिम काही माउंट झाली नाही, म्हणजे जोडलीच गेली नाही. त्या नँडमध्ये दीड वर्षाच्या नोंदी होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी आधी पॉवरची वायर उपसली, विचार नंतर केला.

चिप गेली, असंच वाटलं. २५६ एमबीची चिप, तिच्यावर रात्रंदिवस लिहिणं चालू. कधीतरी झिजणारच. बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, जाऊन खराब ब्लॉक दाखवणारी ‘नँड बॅड’ कमांड दिली, तर २०४८ ब्लॉकांपैकी फक्त ३ खराब निघाले. तिन्ही पहिल्या दिवसापासूनचे, कारखान्यातूनच तशी खूण घेऊन आलेले. मला कुणीतरी ‘नँड स्क्रब’ चालवून चिप कोरी कर, असं सुचवलं होतं. ते केलं असतं तर नोंदी तर गेल्या असत्याच, शिवाय त्या कारखान्याच्या खुणाही पुसल्या गेल्या असत्या. कुठले ब्लॉक मुळातच कच्चे आहेत हे एकदा पुसलं की ते परत कळत नाही. ती कमांड टाइप करण्याआधी प्रत्येकाने दहा वेळा थांबावं, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मग लॉग नीट वाचायला घेतला. झिजलेली चिप अशी वागत नाही. तिच्यात चुका इथे एक, तिथे दोन अशा विखुरलेल्या येतात. इथे पहिल्या ब्लॉकपासून एकूण एक ब्लॉक चुकत होता, आणि तेही आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत चालू असताना. म्हणजे डेटा बहुधा जागच्या जागी होता, बिघाड वाचणाऱ्यात होता.

ते बघायला बूटलोडरमधूनच डेटा असलेलं एक पेज (ब्लॉकचा एक छोटा भाग) जसंच्या तसं छापून घेतलं. २०४८ बाइटांचं पेज आणि त्याला जोडून ६४ बाइटांचा ओओबी, म्हणजे डेटाबाहेरची राखीव जागा. ईसीसी या ओओबीमध्येच असतो. बोट ठेवून मोजलं: सुरुवातीचे १२ बाइट एफएफ, म्हणजे कोरे, पुढचे ५२ भरलेले. बीसीएच या ईसीसीच्या पद्धतीत दर ५१२ बाइटांमागे ८ बिट दुरुस्त करायचे तर १३ बाइट लागतात. पेजमध्ये असे ४ तुकडे, म्हणजे ५२. चिपवरचं सगळं ८ बिटांच्या ईसीसीने लिहिलेलं होतं, यात शंका उरली नाही.

आता नवा कर्नल मेमरी कार्डवरून सुरू केला. रूट कार्डवरच ठेवलं आणि बूटच्या ओळीतून यूबीआय जोडण्याचा भाग काढून टाकला, म्हणजे नँडला कुणी हात लावणार नाही. कर्नल आपली माहिती सिसएफएस नावाच्या फोल्डरांत दाखवतो. तिथे त्या एमटीडीची (लिनक्सला दिसणाऱ्या फ्लॅश चिपची) ‘ईसीसी स्ट्रेंग्थ’, म्हणजे किती बिट दुरुस्त होतात, ही फाइल असते. त्यात आकडा होता ४. जुन्या कर्नलने तीच फाइल उघडली तर ८.

चूक माझी होती. डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणारी फाइल, नव्या कर्नलसाठी जुळवताना ईसीसीची स्ट्रेंग्थ सांगणारी ओळ गळून पडली होती. सॉफ्टवेअर बीसीएच असेल, ओओबी ६४ बाइटांचा असेल आणि स्ट्रेंग्थ सांगितलेली नसेल, तर कर्नल स्वतःहून ४ धरतो. ४ बिटांना दर तुकड्याला ७ बाइट लागतात, म्हणून तो ओओबीच्या शेवटच्या २८ बाइटांतच ईसीसी शोधत होता. तिथे त्याला दुसऱ्याच हिशेबाचे बाइट मिळत होते.

जुन्या कर्नलवरून ‘नँडडंप’ने अख्खी चिप कार्डवर उतरवली. ती पूर्ण होईपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही. ईसीसी न जुळल्याचे ऑफसेट फक्त ११ ब्लॉकांत आले, त्याही ब्लॉकांत पहिल्याच पेजवर. उघडून पाहिले तर अकराही ब्लॉक रिकामे होते. वायर उपसण्याआधीच्या त्या काही सेकंदांत यूबीआयने हे ब्लॉक संशयित धरून पुसले होते आणि त्यांवर इरेज काउंटर, म्हणजे ब्लॉक किती वेळा पुसला त्याचा आकडा, नव्या, चुकीच्या ईसीसीने लिहिला होता. म्हणजे लिहायला सुरुवात झालीच होती. बोर्ड रात्रभर तसाच चालू राहिला असता तर एकाच चिपवर दोन तऱ्हांचा ईसीसी झाला असता आणि ती गुंतागुंत सोडवायला महिना लागला असता.

डिव्हाइस ट्रीमध्ये ८ची ओळ परत घातली. नवा कर्नल पहिल्या फटक्यात उठला, ते अकरा ब्लॉक यूबीआयने पुन्हा पुसून घेतले, नोंदी सगळ्या जागेवर सापडल्या. आता दर आठवड्याला त्यांची प्रत बोर्डाबाहेर जाते.

काही आठवड्यांनी लॉगमध्ये एकच ओळ दिसली: एका ब्लॉकमध्ये दुरुस्त होण्याजोगा बिट-फ्लिप, म्हणजे आपोआप उलटलेले बिट. ८ बिटांच्या ईसीसीत ५ चुकांपर्यंत लिनक्स गप्प असतो, ६ झाल्या की कळवतो. यूबीआयने त्यातला डेटा दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवला. झिजणारी चिप खरोखर कशी बोलते ते मला त्या ओळीत दिसलं. ती ओळ मी तारखेसकट वहीत उतरवून ठेवली आहे.