'द स्ट्रेट स्टोरी' : लिंचच्या खुणांची वही, पुढची पानं

दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या सिनेमांतल्या खुणा टिपत टिपत वही आता 'द स्ट्रेट स्टोरी'वर (१९९९) आली आहे. डिस्नेने वितरित केलेला, घरातल्या पोरांनाही दाखवता येईल असा सिनेमा, त्यामुळे अनेक जण लिंचच्या यादीत याला पाहुणा समजतात. मला तो घरचाच वाटतो.

गोष्ट खरी आहे. आयोवातल्या लॉरेन्सचा ७३ वर्षांचा आल्विन स्ट्रेट १९९४ साली गवत कापायच्या यंत्रावर बसून आजारी भावाला भेटायला विस्कॉन्सिनला निघाला. लिंचने चित्रीकरणही त्याच वाटेने, क्रमाने केलं.

सुरुवात बघा. हिरवळ, ऊन खात पडलेली शेजारीण. ती आत जाते, कॅमेरा हळूच खिडकीकडे सरकतो आणि आतून धप्प! लिंचच्याच 'ब्लू व्हेल्वेट'मध्येही हिरवळीवर माणूस कोसळतो, पण तिथे कॅमेरा गवतात घुसून किडे दाखवतो. इथे आल्विनचं पडणं नुसतं ऐकू येतं. बारमधल्या प्रसंगातही तसंच. समोर युद्धाच्या आठवणी सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचे चेहरे, बोलण्यामागे दूरवर युद्धाचे आवाज. हेडफोन लावा, नाहीतर ते निसटतात.

माझ्या मते सगळ्यात मोठा ऐवज आल्विनच्या मुलीपाशी, रोझपाशी आहे. रात्री ती खिडकीशी उभी, बाहेर चेंडू घरंगळत येतो, मागून एक मुलगा. बस्स. पुढे शेकोटीपाशी आल्विन सांगतो : आगीत तिचा एक मुलगा भाजला आणि सरकारने तिची मुलं काढून नेली. त्यानंतर उतारावर यंत्र आवरेनासं होतं, तेव्हा शेजारी एक घर जळत असतं. अग्निशमनवाल्यांचा सराव! लिंचला आगीचं वेड होतंच, पण आल्विनचा भेदरलेला चेहरा रोझची आठवण ठेवून पाहा. या दोन गोष्टी सिनेमात कुणीच जोडून दाखवत नाही.

बाकी झटपट : आल्विनला जुनं जॉन डिअर कंपनीचं गवतयंत्र विकणारा नट एव्हरेट मॅकगिल म्हणजे लिंचच्या 'ट्विन पीक्स' मालिकेतला बिग एड. रस्त्यावरची पिवळी रेषा लिंचच्याच 'लॉस्ट हायवे'ची, फक्त इथे ती रांगते. आणि कॅमेरा आभाळाकडे जाऊन परत येतो तरी आल्विन जेमतेम पुढे सरकलेला! हसू आवरत नाही.

लॉरेन्सच्या धान्यकोठाराची घरघर अजून बाकी आहे. बापलेक रात्री मुद्दाम ती ऐकत बसतात. लिंचच्या 'इरेझरहेड' सिनेमातल्या कारखानी घरघरीशी तिचं नातं लावायचा मोह होतोय. दोन्ही शेजारी ठेवून कुणी ऐकलं असेल तर कळवा.