तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरच्या डब्याचे किती येतील?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की मला फोटो यायला लागतात. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड, बुडाशी गंज. सोबत प्रश्न ठरलेला: "आजीचा आहे, माळ्यावर सापडला. जुन्या बाजारात याचे किती येतील?"

बहुतेक वेळा फार नाही. हा डबा डालडा वनस्पती तुपाचा; डालडा 1937 साली बाजारात आला आणि पुढे त्याचे इतके डबे खपले, की पुण्यातल्या निम्म्या तुळशी त्यातच वाढल्या असतील. जुना डबा दुर्मीळ असेलच असं नाही. शिवाय जुना म्हणजे किती जुना, हे आधी ठरायला हवं, आणि त्यासाठी घरच्यांच्या आठवणीवर जाऊ नका. 'पणजोबांच्या वेळचा' म्हणून कौतुकाने दाखवलेल्या डब्यावर हमखास पिनकोड निघतो.

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याआधी पत्त्यात 'पूना 2', 'बॉम्बे 1' असा नुसता विभागाचा आकडा असायचा. तोच आकडा पुढे पिनकोडच्या शेवटी राहिला, म्हणून सदाशिव पेठेतली मंडळी अजूनही 'पुणे 30' लिहितात. देशी डब्यावर फक्त पौंड-औंस असतील तर तो बहुधा 1962 च्या आधीचा; मेट्रिक वजनं 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली. किंमत 'नये पैशां'त छापलेली असली तर 1957 ते 1964 च्या आसपासचा. लोणच्या-मुरंब्याच्या डब्यावर एफपीओची (फळांपासून केलेल्या पदार्थांसाठीची सरकारी) खूण असेल तर 1955 नंतरचा. शाकाहाराचा हिरवा ठिपका दिसला तर एकविसाव्या शतकातला. पुन्हा माळ्यावर ठेवा.

मात्र नुसतं 'पूना' वाचून डबा 1978 च्या आधीचा ठरवू नका. शहराचं नाव बदललं म्हणून कुठलाही कारखानदार छापून ठेवलेला पत्रा फेकून देत नाही, पुण्यातला तर नाहीच. नवी खूण दिसली की डबा तिच्याआधीचा नाही, एवढं पक्कं सांगता येतं. जुनी खूण तितकी भरवशाची नसते.

मग शिवण, म्हणजे पत्रा जोडलेली जागा, बघा. झाकणाच्या मधोमध डाख देऊन बसवलेली गोल टिकली असेल, तर डबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा किंवा त्याहून जुना असू शकतो. असा डबा निघालाच तर लष्कर भागातल्या जुन्या बंगल्यात निघेल, पेठेतल्या वाड्यात क्वचित. तिथे डबाबंद अन्नाला स्वयंपाकघरात शिरायलाच वेळ लागला. शिवणीजवळ भिंगाने बघितलं तर डबा बनवणाऱ्याचं नाव कधीकधी सापडतं. चित्राची रचना कोणत्या काळातली, हे जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिरातींशी ताडून बघावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे. मला सगळ्यात आवडतं तेही हेच, कारण एका डब्यासाठी बसलेला माणूस जाहिराती वाचता वाचता अख्खं दशक वाचून उठतो.

आता किंमत. आपल्याकडे डबे टिकले ते घरातल्या बायकांच्या हिशेबाने. चमच्याच्या दांड्याने उघडायचं, पुन्हा घट्ट बसणारं झाकण असलेले दूध पावडरचे, ओव्हल्टिनचे डबे डाळी-मसाल्यांसाठी राहिले. आमरसाचा, अननसाचा डबा मात्र कापून उघडायचा. काठ हाताला लागायचा, झाकण उरायचं नाही, म्हणून तो थेट भंगारात. त्यामुळे कागदी लेबल शाबूत असलेला फळांचा डबा खरोखर दुर्मीळ. पण गंमत अशी, की तो कुणाच्या आठवणीत नसतो, त्यामुळे गिऱ्हाईकही नसतं. दुर्मीळही आणि आठवणीतलाही, असं दोन्ही जुळलं तरच पैसे येतात. विकणारा किती मागतोय यावर जाऊ नका. तसा डबा खरोखर कितीला विकला गेला तेवढाच आकडा धरा.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हल्ली मुद्दाम गंजवलेले डबेही दिसतात. भिंग लावा: जुन्या छपाईत अक्षरं सलग एका रंगाची असतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच बारीक ठिपक्यांची दिसतात. आणि खरा डबा हाती लागला तर चिंच, राख, तारेची घासणी लांब ठेवा. गंजासोबत छपाई गेली की मागे फक्त पत्रा उरतो.

भरलेला, न उघडलेला डबा सापडला तर? काही संग्राहक तो तळाकडून उघडून रिकामा करतात, म्हणजे दर्शनी बाजू शाबूत राहते. फुगलेल्या डब्यावर हा प्रयोग करू नका. आत नुसता आम्लामुळे झालेला वायू आहे की विषारी जंतू, हे बाहेरून कळत नाही. लेबलाचा नीट फोटो काढा आणि डबा न फोडता, गुंडाळून टाकून द्या.