आयर्विनला किती फूट?

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पुढचा प्रश्न ठरलेला: "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल. तिथे पाणी 40 ला गेलं की इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडे पोरांनाही पाढ्यासारखं पाठ असतं. ही खोड परदेशातही सुटत नाही. कुठल्याही नव्या गावात उतरले की माझे पाय आधी नदीकडे वळतात. पूल कोणी बांधला, कधी बांधला हे नंतर; आधी कठड्यावरून वाकून पाणी बघायचं.

सप्टेंबरात प्राग आणि बुडापेस्ट फिरून आले. एकटीच. ("एकटी कशाला तडमडतेस?" इति आई. भडंगाचा पुडा मात्र बॅगेत तिनेच कोंबला.)

प्रागमध्ये होस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, इथे पूर आला की पाणी कशावरून बघतात? तिने आधी मला नीट न्याहाळलं. बियर कुठे चांगली मिळते, एवढंच विचारणारे तिला रोज भेटत असणार. मग म्हणाली, "दाढीवाल्यावरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच चार्ल्स ब्रिजवर गेले. उशीर केला की तिथे तासगावच्या रथोत्सवाची गर्दी. जुन्या शहराच्या बाजूला, पुलाजवळच्या काठाच्या भिंतीत तो सापडला: दगडात कोरलेलं दाढीवालं डोकं. नाव ब्राडाच. आधीच्या पुलावरचा आहे म्हणतात. तो पूल 1342 च्या पुरात गेला आणि 1357 मध्ये आत्ताच्या पुलाचं काम सुरू झालं. पाणी दाढीला लागलं की लोक सावध व्हायचे, टकलावर चढलं की जुन्या चौकात पाणी शिरणार हे नक्की. आमच्याकडे "मारुती चौकात आलं का?" विचारतात, तसंच. 2002 च्या ऑगस्टात तर इथली मेट्रोसुद्धा बुडाली होती. घड्याळ, किल्ला वगैरे पाहिलं. त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

बुडापेस्टला रेल्वेने सातएक तास. समोरच्या आजोबांना भडंग दिलं. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं, तळलेली लसणाची पाकळी सावकाश चावली आणि काही न बोलता पुन्हा हात पुढे केला.

बुडापेस्टमध्ये मी दोन दिवस भिंती बघत फिरले. मार्च 1838 मध्ये डॅन्यूबमधला बर्फ खालच्या अंगाला अडकला, मागे पाणी तुंबलं आणि पेश्त, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा पूर्वेकडचा भाग, बुडालं. आम्ही निदान अलमट्टी धरणाच्या नावाने बोटं मोडू शकतो, बर्फाशी कोण भांडणार! त्या पाण्याच्या खुणा जुन्या भिंतींवर अजून आहेत. एका चर्चच्या भिंतीवर मोठं शिल्प आहे: नावेत उभा असलेला मिक्लोश वेशेलेन्यी, बुडणाऱ्यांना वर ओढून घेतोय. हा सरदार त्या पुरात स्वतः नाव घेऊन फिरला. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत बोट आली होती. त्यातल्या पोरांची नावंसुद्धा आम्ही विचारली नाहीत. आई देवघरातला गणपती पदरात गुंडाळून बसली होती आणि बाबा कुलूप लावत होते. पाण्यातल्या दाराला कुलूप!

मागच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या भिंतीत छोटी दगडी पाटी दिसली. तिच्यावर आडवी रेघ, रेघेकडे दाखवणारं बोट आणि साल 1838. खाली कुणीतरी सायकल टेकवून ठेवलेली. मी पाटीशेजारी पाठ लावून उभी राहिले आणि आईला व्हिडिओ कॉल केला.

"रेघ कुठवर येतीय गं?"

"माझ्या खांद्याला."

ती जरा थांबली. "एवढंच? आपल्या जिन्याची नववी पायरी बुडालेली."