गंगापूर धरणाच्या काठावरून त्सुचिनशान-ॲटलास

२०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला तेव्हा आपल्याकडे पाऊस, वर कोरोना. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसणार म्हटल्यावर बायनॉक्युलर घेऊन नाशिकजवळचं गंगापूर धरण गाठलं. अंजनेरीच्या पायथ्याला अंधार जास्त, पण तिथे पश्चिमेला ब्रह्मगिरी आडवा येतो. बॅकवॉटरच्या पूर्व काठावर शहराचा उजेड पाठीशी राहतो आणि समोर पाणी.

२७ सप्टेंबरला तो सूर्याजवळून गेला, १२ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ७ कोटी किलोमीटरवर. त्यानंतर लगेच पाहिला तेव्हा शुक्र आणि स्वातीच्या दरम्यान, संधिप्रकाशातही शिर ठळक होतं. कोजागरीला मात्र शेपूट जवळजवळ गायब. काठावर दूध आटवणारी मंडळी म्हणाली, "संपला वाटतं!" संपला नव्हता, चंद्राच्या उजेडाने झाकला होता. पुढे २० तारखेच्या सुमारास चंद्र आठनंतर उगवायला लागला, तेव्हा शिर खरोखर मंदावलेलं, पण अंधारात शेपूट आधीपेक्षा लांब! म्हणून वहीत चंद्र, ढग, धुरकटपणा लिहिलाच पाहिजे. नाहीतर आकाशातला बदल धूमकेतूच्या नावावर जमा होतो.

तेजस्विता मोजायची तर एक जास्त तेजस्वी आणि एक मंद असे दोन तारे निवडा. बायनॉक्युलरचा फोकस थोडा बिघडवा, म्हणजे ताऱ्यांचेही धूमकेतूच्या शिराएवढे ठिपके होतात. मग धूमकेतू दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवा. आम्हाला भुजंगधारी तारकासमूहातला रास अल्हाग (प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, २.१) आणि भुजंग तारकासमूहातला उनुकअल्हाई (२.६) उपयोगी पडले. प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. तारे शक्यतो धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्या, क्षितिजाजवळची हवा बराच प्रकाश खाते. शेपूट मोजायला हात लांब करून मूठ धरा: एक मूठ साधारण १० अंश.

मोबाईलच्या नाइट मोडवरून तेजाची तुलना करू नका, तो प्रत्येक फोटो आपल्या मर्जीने उजळतो.

पुढच्या धूमकेतूसाठी जाणार असाल तर सूर्यास्ताआधी पोहोचा. टॉर्चला लाल जिलेटिन लावा, भिंगांवरचं दव पुसायला सुती कापड ठेवा आणि ओडोमॉस विसरू नका. धरणाच्या भिंतीकडे फिरकू नका. नोंदी स्लोव्हेनियातल्या चेर्नी व्र्ह वेधशाळेच्या कॉब्स या धूमकेतू-नोंदींच्या संग्रहात पाठवता येतात. हौशी निरीक्षकांच्या नोंदीही तिथे घेतात.